घर माझं, झेंडा माझा: खासगी जागेवरच्या राजकीय झेंड्या-फलकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक, "बाल्कनीत झेंडा लावला तर चालतं ना?" आणि दुसरा, "गेटवर हा फ्लेक्स कोणाला विचारून लावला?" दोन्हींवर पन्नास मतं पडतात आणि त्यातली निम्मी ऐकीव असतात. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी जागांपुरती आहेत: फ्लॅट, बंगला, दुकान, सोसायटीची भिंत, गावातलं घर, स्वतःची गाडी. दुभाजक, विजेचे खांब, उड्डाणपूल यांचा विषय इथे घेतलेला नाही.

घर माझ्या मालकीचं आहे. पक्षाचा झेंडा लावायला कोणाची परवानगी घ्यायची?

साध्या झेंड्यासाठी कोणाचीच नाही. आपल्या घरावर आपल्या आवडत्या पक्षाचा झेंडा लावायला निवडणूक आयोगाची मुभा आहे. अटी इतक्याच, की तो स्वखुशीने लावलेला असावा, कोणाच्या दबावाखाली नाही, आणि त्याचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये.

संख्येला मात्र मर्यादा आहे. आयोगाच्या सूचनेप्रमाणे आचारसंहितेच्या काळात एका घरावर एका पक्षाचे किंवा उमेदवाराचे जास्तीत जास्त तीन झेंडे. वेगवेगळ्या पक्षांचे लावायचे असतील तर प्रत्येकाचा एकच. ही दुसरी तरतूद वाचून हसू येतं खरं, पण महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पक्ष ज्या पद्धतीने फुटले, त्यानंतर एकाच छपराखाली वडिलांचा झेंडा एक आणि मुलाचा दुसरा अशी घरं काही दुर्मीळ राहिलेली नाहीत.

मग झेंडा चालतो आणि उमेदवाराचा फ्लेक्स चालत नाही, असं का म्हणतात?

बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पक्षाचा झेंडा हे तुमचं मत झालं. पण फ्लेक्सवर उमेदवाराचा फोटो, नाव, चिन्ह आणि खाली "प्रचंड बहुमताने विजयी करा" असं आलं, की तो त्या उमेदवाराचा प्रचार झाला. प्रचार म्हटला की खर्च आला, आणि तो खर्च कुणाच्या तरी हिशेबात दिसायला हवा. सध्या महाराष्ट्रात उमेदवाराला विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये इतकी खर्चमर्यादा आहे. समर्थकांनी आपापल्या खिशातून फ्लेक्स लावले आणि ते कुठेच मोजले गेले नाहीत, तर या मर्यादेला काही अर्थच उरत नाही.

म्हणून कायदा असा आहे: उमेदवाराच्या लेखी अधिकारपत्राशिवाय त्याच्या प्रचारासाठी जाहिरात, पत्रक किंवा अन्य मार्गाने खर्च करणं हा गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १७१-एच मध्ये होतं आणि दंड होता फक्त ५०० रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १७६ मध्ये हाच दंड १० हजार रुपयांपर्यंत गेला. "साहेबांवरच्या प्रेमापोटी लावला" हा बचाव इथे चालत नाही. प्रेम असेल तर साहेबांकडून चिठ्ठी आणा, आणि फ्लेक्सचं बिल त्यांच्या हिशेबात जाऊ द्या.

कार्यकर्ते घरी आले आहेत, गेटवर बॅनर लावू द्या म्हणतात. काय करू?

आधी हे पक्कं लक्षात ठेवा की नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्याही जमिनीवर, इमारतीवर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर झेंडे उभारणं, बॅनर टांगणं, पत्रकं चिकटवणं, घोषणा लिहिणं आपल्या कार्यकर्त्यांना करू देऊ नये, असं आदर्श आचारसंहितेत पक्षांना आणि उमेदवारांना बजावलेलं आहे.

हो म्हणायचं असेल तर तोंडी म्हणू नका. झेंडे, बॅनर अशा तात्पुरत्या, सहज काढता येणाऱ्या साहित्यासाठी जागेच्या मालकाची किंवा ताबेदाराची लेखी संमती लागते. तिची प्रत उमेदवाराने किंवा पक्षाने तीन दिवसांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे खर्चाच्या तपशिलासह द्यायची असते. कागद साधा असला तरी चालेल, पण त्यात तुमचं नाव-पत्ता, बॅनर नेमका कुठे लागणार, किती बाय किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि "स्वेच्छेने, कोणताही मोबदला न घेता" हे शब्द यावेत. मोबदला घेतला असेल तर तेही लिहा. तो उमेदवाराचा खर्च आहे. सही केलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. तारखेचा मुद्दा लोक विसरतात, आणि मग निकाल लागून दिवाळी येते तरी गेटवरचे भावी आमदार हात जोडून उभेच असतात.

स्पष्ट नाही म्हणणं जड जात असेल, आणि लहान गावात ते जातंच, तर "भाऊ, सगळ्यांनाच नाही म्हटलंय" हे वाक्य कामाला येतं. फक्त मग खरोखर सगळ्यांनाच नाही म्हणा.

माझ्याच घराची रस्त्याकडची भिंत पक्षाने रंगवली, माझी हरकत नव्हती. तरी नोटीस कशी आली?

कारण भिंतीच्या बाबतीत मालकाची संमती पुरत नाही. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. त्यात "सार्वजनिक दृष्टीस पडणारी जागा" म्हणजे फक्त सरकारी भिंत नव्हे. रस्त्याने जाणाऱ्याला दिसणारी खासगी इमारत, भिंत, कुंपण, खांब, झाड हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रंग लावणारा पेंटरच तेवढा दोषी, असंही नाही. ज्याच्या सांगण्यावरून काम झालं तोही अडकतो.

निवडणूक आयोगाची भूमिका याहून कडक आहे. स्थानिक कायदा स्पष्टपणे परवानगी देत नसेल तर मालकाने आनंदाने होकार दिला तरी भिंत रंगवायची नाही, पोस्टर चिकटवायचं नाही. झेंडा काढता येतो, बॅनरची दोरी सोडता येते. ऑइलपेंटमधलं चिन्ह पुढच्या दोन निवडणुका भिंतीवरून डोकावत राहतं. खेडोपाडी अजूनही जुन्या घरांच्या भिंतींवर चुन्याच्या थराखालून पुसट अक्षरं दिसतात, त्यातले काही उमेदवार आता हयातही नाहीत.

महापालिकेची परवानगी कधी लागते?

जाहिरात म्हणावी असं काहीही इमारतीवर, भिंतीवर किंवा जमिनीवर उभं करायचं असेल तेव्हा. मुंबईत हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३२८ आणि ३२८-अ खाली येतं. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा इतर शहरांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५. पुण्यात अर्ज घेऊन जाल तर खात्याच्या पाटीवर "आकाशचिन्ह" असा शब्द दिसेल. दचकू नका, इमारतीच्या वर आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकाला कायदा असंच म्हणतो.

यात एक सवलत फारशा लोकांना माहीत नसते. खिडकीच्या आत लावलेल्या, दिवे नसलेल्या फलकाला या कलमांखाली परवानगी लागत नाही. त्यामुळे काचेच्या आतून पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहून "आमचं मत रस्त्यासाठी" असं लावलंत, तर महापालिकेला विचारायची गरज नाही. आचारसंहितेचे बाकीचे नियम अर्थातच तिथेही लागू.

सोसायटीत नेमकं कोण काय ठरवू शकतं?

फ्लॅटच्या आतल्या भिंतीवर तुम्ही कोणाचाही फोटो लावा, सोसायटीचा संबंध नाही. अडचण सुरू होते ती बाल्कनीच्या कठड्यापासून पुढे.

कंपाउंडची भिंत, गेट, गच्ची, जिना, लिफ्ट, पार्किंग, नोटीस बोर्ड ही सगळ्यांची जागा. तिथे एखाद्या पक्षाचा बॅनर लावायची परवानगी चेअरमन किंवा सेक्रेटरी एकटे देऊ शकत नाहीत. सेक्रेटरीसाहेब स्वतः पक्षाचे पदाधिकारी असले तर तर मुळीच नाही. विषय व्यवस्थापक समितीपुढे यायला हवा, ठराव इतिवृत्तात हवा, आणि भाडं घेतलं असेल तर ते सोसायटीच्या खात्यात जमा झालेलं दिसायला हवं. सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे निवडणुकीचं वारं सुटण्याआधीच सर्वसाधारण सभेत एक ठराव करून टाकणं: सामायिक जागेत कोणत्याही पक्षाचं साहित्य लागणार नाही. वारं सुटल्यावर हाच ठराव मांडला तर तो कोणाविरुद्ध आहे याचीच चर्चा होते.

बाल्कनीचा प्रश्न जास्त नाजूक. फ्लॅट तुमचा, पण इमारतीचा दर्शनी भाग सगळ्यांचा. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, राजकीय झेंड्यांबद्दल वेगळा नियम नाही. इतर सभासदांना त्रास, उपद्रव किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, हे सर्वसाधारण बंधन आहे. कठड्याला नीट बांधलेला एक झेंडा म्हणजे उपद्रव, असं म्हणणं आम्हाला तरी पटत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरून सोडलेला कापडी बॅनर खालच्या दोन घरांच्या खिडक्या झाकत असेल, तर तो काढायला सांगणं रास्तच आहे. कमिटीने एकच पथ्य पाळावं. ए विंगमधल्या जोशींना जो नियम लावला तोच सी विंगमधल्या शेखांना आणि कांबळ्यांना लागू. तक्रारी नियमामुळे होत नाहीत, माणूस पाहून नियम लावल्यामुळे होतात.

भाडेकरूंचंही विचारलं जातं. आयोगाच्या सूचना जागेच्या ताबेदाराची संमतीही धरतात, त्यामुळे भाडेकरूला आपल्या घरात झेंडा लावता येतो. भाडेकरारात काही वेगळी अट असेल तर ती पाहावी, आणि घरमालक काकांना आधी एक फोन केलेला बरा.

गच्चीवर मोठं होर्डिंग लावून सोसायटीला उत्पन्न मिळत असेल तर?

मिळतं, आणि कित्येक सोसायट्यांचं रंगकाम त्यातूनच होतं. पण हा झेंड्या-बॅनरचा विषयच नाही. इथे महापालिकेचा परवाना, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र आणि दरवर्षी नूतनीकरण हवं. मुंबईत लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला होतं. त्याच्या एक आठवडा आधी, १३ मे रोजी घाटकोपरच्या छेडा नगरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, आणि ते होर्डिंग होतं १२० बाय १२० फूट. फलकावर राजकारणी आहे की साबण, हे वाऱ्याला कळत नाही. एजन्सी "कागदपत्रं आमच्याकडे आहेत" म्हणाली तर प्रती मागून घ्या आणि सोसायटीच्या फाइलला लावा.

स्वतःच्या गाडीवर झेंडा किंवा स्टिकर?

खासगी गाडीवर मालकाने स्वखुशीने लहान झेंडा, एखाद-दुसरा स्टिकर लावायला हरकत नाही. दुचाकीला एक फूट बाय अर्धा फूट, रिक्षा किंवा चारचाकीला तीन फूट बाय दोन फूट, एकेकच झेंडा. त्यावर एका विशिष्ट उमेदवाराला मत मागितलं असेल तर वरचा कलम १७६ चा नियम इथेही लागतो. टॅक्सी, टेम्पो, भाड्याची रिक्षा ही व्यावसायिक वाहनं. ती प्रचारासाठी रीतसर परवानगी घेतलेली नसतील तर त्यांच्यावर प्रचाराचे झेंडे-स्टिकर नकोत. नंबरप्लेटवर पक्षाचं चिन्ह हा आचारसंहितेचा प्रश्नच नाही, ती वाहतूक पोलिसांची गोष्ट.

मतदान केंद्र आमच्या सोसायटीच्याच क्लब हाउसमध्ये आहे. बाल्कनीतल्या झेंड्याचं काय?

मतदानाच्या दिवशी काढा, शक्यतो आदल्या रात्रीच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १३० मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत निवडणुकीसंबंधी कोणतीही सूचना किंवा खूण लावायला मनाई करतं, आणि त्यात "सार्वजनिक किंवा खासगी जागा" असे शब्द स्पष्ट आहेत. दंड जेमतेम २५० रुपयांपर्यंत आहे, पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट कारवाई करू शकतात. २०२४ च्या विधानसभेला मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं होती. अशा ठिकाणी समोरच्या विंगमधल्या घराचं अंतर १०० मीटर भरतच नाही. सेक्रेटरींनी दोन दिवस आधी ग्रुपवर मेसेज टाकला तर सकाळी सात वाजता केंद्राध्यक्षांशी हुज्जत घालावी लागणार नाही.

दुकानाबाहेर एलईडी स्क्रीन असेल तर आणखी एक: मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास पडद्यावरून प्रचाराचं काहीही दाखवता येत नाही. तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते.

मला दिलेल्या पोस्टरवर कोपऱ्यात बारीक अक्षरात काही छापलेलं नाही. फरक पडतो का?

पडतो. निवडणुकीसंबंधीच्या प्रत्येक पोस्टरवर, हस्तपत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला असावा लागतो, लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम १२७-अ. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि याची झळ छापणाऱ्याला-काढणाऱ्याला बसते. तुम्ही स्वतः सहसा अडकणार नाही, पण निनावी पोस्टर, त्यातही कोणाची तरी बदनामी करणारं, आपल्या दारावर का लावून घ्यायचं?

पंधरा ऑगस्टपासून बाल्कनीत तिरंगा आहे. शेजारी पक्षाचा झेंडा लावू?

नको. ध्वजसंहितेप्रमाणे दुसरा कोणताही झेंडा किंवा पताका राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा अगदी शेजारी लावता येत नाही. तिरंगा मळला, फाटला असेल तर तोही सन्मानाने उतरवायचा असतो.

न विचारता आमच्या भिंतीवर पोस्टर चिकटवलं. मी फाडून टाकू का?

तुमच्या मालमत्तेवर विनापरवानगी लावलेलं साहित्य तुम्ही काढू शकता. पण आधी फोटो काढा, ज्यात पोस्टर आणि घराचा क्रमांक दोन्ही दिसतील, आणि लेखी तक्रार द्या. नाहीतर "आमचं पोस्टर विरोधकांनी फाडलं" अशी उलटी बोंब उठते. एका पक्षाची पोस्टर्स दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काढू नयेत, हे आचारसंहितेतच आहे. तुम्ही स्वतः एखाद्या पक्षाचं काम करत असाल तर जास्तच जपून.

लोकसभा-विधानसभेला तक्रारीसाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अॅप आहे. फोटो किंवा व्हिडिओ त्याच अॅपमधून तिथल्या तिथे काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. तक्रारीचा १०० मिनिटांत निकाल लावायचा असतो, आणि नाव गुप्त ठेवता येतं. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो; तेव्हा आपल्या प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा आचारसंहिता कक्षाकडे जा. निवडणूक जाहीर झाल्यापासून सरकारी जागांवरचं राजकीय साहित्य २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचं ४८ तासांत आणि खासगी जागांवरचं अनधिकृत साहित्य ७२ तासांत उतरवायची मुदत असते. त्यानंतर प्रशासन काढतं, आणि खर्च संबंधितांकडून वसूल करतं.

आचारसंहिता नसताना वाढदिवसाचे, निवडीचे, "भावी नगरसेवक" असे फ्लेक्स चालतात का?

चालतात, असा समज आहे. प्रत्यक्षात आचारसंहिता गेली तरी १९९५ चा कायदा आणि महापालिकेची कलमं बारा महिने जागीच असतात. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी दिलेल्या निकालात बेकायदा फलक काढण्याचे, गुन्हे नोंदवण्याचे आणि तक्रारीसाठी यंत्रणा ठेवण्याचे आदेश पालिकांना आहेत. राजकीय पक्षांनी असे फलक लावणार नाही अशी हमी न्यायालयात दिली, आणि ती पाळली नाही म्हणून २०२४ च्या विधानसभा निकालांनंतर न्यायालयाने पक्षांना अवमानाच्या नोटिसाही काढल्या.

या फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांच्या वीस-पंचवीस फोटोंची जी पट्टी असते ना, तक्रारदाराला तिचा मोठा उपयोग होतो. फलक कोणी लावला याचा पुरावा शोधावा लागत नाही. नाव, पद आणि बहुधा मोबाइल नंबरसुद्धा त्यांनीच छापलेला असतो.

मुलगी अमेरिकेत आहे, तिच्या शेजाऱ्यांच्या अंगणात उमेदवारांच्या पाट्याच पाट्या असतात. तिथे हे नियम नाहीत?

तिथला पाया वेगळा. मिसूरीतल्या सेंट लुइसजवळच्या लाड्यू गावाने घरांवरच्या पाट्यांवर जवळपास सरसकट बंदी घातली होती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली: स्वतःच्या घरावर आपलं मत लावणं हा अभिव्यक्तीचा फार जुना आणि स्वस्त मार्ग आहे, तो गावाला असा बंद करता येणार नाही. आकार, जागा यांचे वाजवी नियम गाव करू शकतं. मात्र घरमालकांची संघटना म्हणजे सरकार नव्हे. घर घेताना तिच्या करारावर सही केली असेल तर त्यातल्या अटी आणि त्या राज्याचा कायदा पाहावा लागतो. मुलीने पाटी लावण्याआधी तो करार उघडून बघावा.

निवडणूक झाली. गेटवरचा फ्लेक्स कोणी काढायचा?

ज्याने लावला त्याने, संमतीपत्रातल्या तारखेला. तो फिरकलाच नाही तर तुम्ही काढा, तुमचीच जागा आहे. लाकडी चौकट आणि खिळे वेगळे करा, फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, तो शेकोटीत टाकू नका. घडी घालून ठेवलात तर पावसाळ्यात दुचाकीवर झाकायला उपयोगी पडेल; फक्त छापील बाजू आत करा.